विचारून आणलंय ना?

१

आमच्या कारखान्यात पोलाद ओतत नाहीत, चढवतात. नव्या माणसाला हे खरं वाटत नाही. वागळे इस्टेटमध्ये बाकी ठिकाणी रस वरून साच्यात सोडतात, ठिणग्या उडतात, माणसं लांब सरकतात. आमच्याकडे तसला तमाशा नाही. वितळलेल्या पोलादाची भलीमोठी बादली, तिला लॅडल म्हणतात, ती जमिनीतल्या टाकीत उतरवायची आणि वर झाकण घट्ट बसवायचं. झाकणातून एक नळी खाली रसात बुडालेली असते आणि तिच्या वरच्या तोंडावर ग्राफाइटचा साचा. मग टाकीत हवा भरायची. हवेच्या दाबाने पोलाद नळीतून वर चढतं आणि साचा खालून वर भरत जातो, काही आवाज न करता.

आवाज नंतर येतो. साचा भरला की त्याचं तोंड बंद करतात आणि टाकीतली हवा काढून घेतात. नळीत उरलेला रस परत खाली लॅडलमध्ये पडतो. जाडसर, खोल आवाज, दांडग्या माणसाने घोट गिळावा तसा. तो आला की व्हॉल्व्हवर उभे असलेले अण्णा 'बसलं!' असं ओरडतात आणि मग कामगार साच्याकडे जातात. मी इथे तपासणीला आहे. क्रेनची आणि ट्रॉलीची चाकं बनतात, त्यांतली खोट मी काढते. घरीही मी तेच करते असं माझा नवरा धनेश सगळ्यांना सांगत फिरतो.

खंडेनवमीला आमच्याकडे भट्टीची पूजा असते. त्या दिवशी जो माल वितळतो त्यात प्रत्येकाने घरून एक लोखंडी वस्तू आणून टाकायची. गंजलेलं कुलूप, मोडका अडकित्ता, पोराच्या तीनचाकी सायकलचं हँडल, काहीही. अण्णा भट्टीपाशी उभे राहतात, गळ्यात सोन्याची चेन, कपाळभर कुंकू, आणि प्रत्येकाला एकच विचारतात.

"विचारून आणलंय ना?"

म्हणजे ज्याची वस्तू आहे त्याला विचारून. सगळे हो म्हणतात आणि वस्तू आत टाकतात. लग्नात भटजी काहीतरी विचारतात आणि आपण मान हलवतो, तितकंच त्याला महत्त्व. मी तरी तेवढंच देत होते.

यंदा मी विसरले. सकाळी डबा भरताना आठवलं. घरात लोखंडाचं असं काही राहिलंच नव्हतं, सगळं स्टील आणि प्लास्टिक. मग माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली सासूबाईंची विळी सापडली. काळं पडलेलं वाकडं पातं, टोकाला खोबरं खवायची खवणी, आणि खवणीचा एक दात तुटलेला. खाली लाकडी पाट. लाकूड भट्टीत चालत नाही, म्हणून धनेशला हाक मारली. त्याने गॅलरीत दोन हातोडे मारून पातं पाटातून सुटं केलं.

"अगं, आईची आहे ती," तो म्हणाला.

"त्या वापरतात का? परवा मटार सोलायला दिले तर सालं पातेल्यात आणि दाणे कचऱ्यात टाकले."

"तरी सांग तिला."

सासूबाई बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसल्या होत्या. पाच पावलांवर. गोदा त्यांचं नाव. आयुष्य मिठागरात गेलं, आणि आमच्या घरच्या शेतावर जो टॉवर उभा राहिला त्याच्याच अकराव्या मजल्यावर आता त्या बसून असतात. मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी विळीची गोष्ट सुरू केली असती, ती त्यांच्या आईने लग्नात दिली तिथपासून, आणि मी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले असते. एवढंच कारण. दुसरं कुठलंही नव्हतं.

"विचारून आणलंय ना?" अण्णांनी मला विचारलं.

"हो."

पातं आत गेलं. खवणी सगळ्यात शेवटी बुडाली.

२

संध्याकाळी घरी आले तर सासूबाईंनी स्वयंपाकघरात पूजा मांडलेली. आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या हत्यारांचीही पूजा होते, हे मी कशी विसरले कोण जाणे. जमिनीवर स्वच्छ फडकं, त्यावर कोयता, धनेशचे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर, सगळ्यांना हळदीकुंकू. मधली जागा मोकळी ठेवलेली.

"गो बाय, माजी इली दिसत नाय."

"धार लावायला दिलीय, आई."

"कोनाला?"

"मानपाड्याला एकजण बसतो ना सिग्नलपाशी. त्याच्याकडे."

इतकं सुरेख खोटं मला बोलता येतं हे मलाच माहीत नव्हतं. सासूबाईंनी मान हलवली आणि मधल्या मोकळ्या जागेवर झेंडूचं फूल ठेवलं. धनेशने माझ्याकडे पाहिलं आणि मोबाइलमध्ये तोंड घातलं.

मला वाटलं, विसरतील. त्या सगळंच विसरत होत्या. जेवल्या की नाही ते विसरायच्या, कधी धनेशला त्यांच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारायच्या. पण रोज सकाळी मी चपला घातल्या की पाठीमागून आवाज यायचा, "आज आनशील ना?" आणि मी म्हणायचे, "आज बघते हं, आई."

३

दसऱ्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच चाकाला पापुद्रा आला.

साचा दोन भागांचा असतो. वरचा आणि खालचा भाग एकमेकांवर नीट बसला नाही तर फटीतून पोलाद बाहेर येतं आणि चाकाच्या कडेला पातळ पापुद्रा राहतो. यात नवल काही नाही. ग्राइंडरवरचा साईनाथ तो घासून टाकतो आणि चाक पुढे जातं. मी साच्याची कड बघितली, ती झिजली नव्हती. दोन्ही भाग आवळून धरणारे क्लॅम्प बघितले, ते घट्ट होते. मग म्हटलं हवेचा दाब जास्त झाला असेल, आणि अण्णांना बोलले. अण्णांना कोणी दाबाबद्दल बोललेलं खपत नाही.

"मॅडम, काटा तुमच्यासमोर आहे. मला शिकवू नका."

काटा खरंच जागेवर होता.

दुसऱ्या चाकालाही पापुद्रा आला. त्याच जागी. मी साचा बदलायला लावला. नव्या साच्यातल्या चाकालाही तो आलाच, आणि आधीच्यापेक्षा लांब. तो सरळही नव्हता. चाकाच्या कडेपासून निघून बाहेरच्या बाजूला वळत गेलेला.

"मॅडम, हे चाक आहे की कोंबडा?" साईनाथ म्हणाला. "शेपटी फुटलीय याला."

मीही हसले. फटीतून आलेला रस कसाही वळू शकतो. आधी थंड झालेला भाग नंतर आलेल्या रसाला ढकलतो. हे मी डिप्लोमाला शिकलेय, पेपरात लिहून मार्क मिळवलेत.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. हवा काढून घेतल्यावर येणारा तो घोटासारखा आवाज उशिरा येत होता. काटा शून्यावर यायचा, अण्णा 'बसलं' म्हणायला तोंड उघडायचे आणि थांबायचे. आम्ही सगळेच थांबायचो. मग खाली काहीतरी नाइलाजाने सुटल्यासारखं पडायचं. दाब नसताना नळीतला रस वर कशाने थांबेल? नळी आतून थोडी बुजली असेल, मी म्हटलं. नळी बदलली. उशीर वाढला.

४

उरलेलं पोलाद आम्ही फेकत नाही. लॅडलच्या तळाला राहिलेलं, साच्याच्या तोंडाशी गोठलेलं, नाकारलेली चाकं, सगळं परत भट्टीत जातं आणि नव्या भंगारात मिसळतं. म्हणजे एकदा आत गेलेली वस्तू पूर्णपणे बाहेर पडतच नाही, थोडीथोडी फिरत राहते. हे मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण ते मनात आलं आणि हातातला चहा पिववेना, असं पहिल्यांदाच झालं.

त्या दिवशी सकाळी उघडून दुपारी निवलेल्या चाकाचा पापुद्रा वीतभर लांब होता. निबर, काळसर, आतल्या बाजूला पातळ होत गेलेला. मी वाकून त्याचं टोक पाहिलं. टोक गोल पसरट होतं आणि त्याच्या कडेने बारीक दाते होते.

पोलाद फटीतून बाहेर येऊन वळू शकतं. ते दाते पाडत नाही. मी मनात म्हटलं, थंड होताना कड फाटली असेल, कड फाटली की दातेरी दिसते. मग मी ते दाते बोटाने चाचपले. सगळे सारखे, ओळीने. मध्ये एक दात नव्हता.

"साईनाथ, याला हात लावू नको," असं म्हणायला हवं होतं. मी म्हणणार होते. पण मग त्याने का म्हणून विचारलं असतं. मी नुसतीच बाजूला झाले.

साईनाथने चाक उचलायला हात घातला. जाड चामड्याचे हातमोजे होते त्याच्या हातात, ते मी स्वतः पाहिलेत. तो ओरडलासुद्धा नाही. हात वर करून बघत राहिला, डाव्या हाताच्या मोज्याला तळव्यावर सरळ रेघ पडली होती आणि ती रक्ताने भरत चालली होती.

"कापलं वाटतं," तो म्हणाला, जसं काही दुसऱ्याचं कापलं होतं.

मी त्याला रिक्षातून दवाखान्यात नेलं. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "भाजी चिरताना झालं का?" साईनाथ हसला. मला मात्र तिथल्या खुर्चीवर बसवेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये सांगण्यात आलं की त्याने हातमोजे घातले नव्हते, आणि मी त्या खोलीत असून गप्प बसले. माझी मलाच लाज वाटली, पण तोंड उघडलं नाही ते नाहीच.

५

अण्णांना मी कँटीनच्या मागे गाठलं.

"अण्णा, खंडेनवमीला मी जी विळी आणलेली, ती न विचारता आणलेली."

अण्णा एरवी बोलायला लागले की थांबत नाहीत. त्यांच्या मुलाचा फ्लॅट, त्यांची शुगर, पूर्वीचे मालक, काहीही. आता ते बिस्किट चहात धरून उभे राहिले आणि बिस्किट तुटून पडलं तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

"सासूबाईंची?"

"हो."

"आहेत ना त्या?"

"आहेत. पण डोकं जात चाललंय. तुम्ही सगळ्यांना ते का विचारता, अण्णा?"

"मला काय माहीत? माझ्या आधी जो व्हॉल्व्हवर होता तो विचारायचा, म्हणून मी विचारतो. आजवर कोणी नाही म्हटलं नाही." त्यांनी चहा ओतून टाकला. "आता विचारा मग त्यांना. डोकं जागेवर आहे तोवर विचारा."

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

अण्णांनी मानेवरचा रुमाल काढून पुन्हा नीट बांधला. "नाही कशाला म्हणतील? सून आहात तुम्ही त्यांची."

६

त्याच दिवशी अर्धी रजा टाकून मी घरी आले. वाटेत वाक्य तयार केलं. आई, मी चुकले, तुमची विळी मी भट्टीत दिली, चालेल ना? इतकं सोपं. त्या हो म्हणतील, कदाचित रडतील, मी त्यांचे पाय धरीन. संध्याकाळी त्यांना आवडतात म्हणून मांदेली आणीन. हे सगळं मी इतक्यांदा मनात घोळवलं की लिफ्टमध्ये माझं मलाच हलकं वाटायला लागलं होतं.

दार उघडलं तर टीव्ही बंद. स्वयंपाकघरातून आवाज येत होता.

कर्र. थोडं थांबून, कर्र.

हा आवाज मला लहानपणापासून माहीत आहे. माझी आई, आजी, आत्या, सगळ्या याच आवाजात बोलत बसायच्या. विळीवर भेंडी चिरण्याचा आवाज. आमच्या घरात आता सुऱ्या आहेत, आणि ओट्यावरच्या लाकडी फळीवर सुरी चालते तेव्हा टक टक होतं. कर्र होत नाही.

सासूबाई माझ्याकडे पाठ करून जमिनीवर बसल्या होत्या. एक पाय दुमडलेला आणि दुसरा विळीच्या पाटावर दाबून ठेवलेला. तो पाट धनेशने गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली टेकू म्हणून लावला होता, ती कुंडी त्यांनी कधी आणि कशी हलवली देव जाणे. त्यांनी डाव्या बाजूच्या ढिगातून एक भेंडी घेतली. दोन्ही हातांनी धरून पुढे नेली, पाटाच्या वर, जिथे पातं असायचं तिथे.

मी पुढे जाऊन बघू शकले असते. दोन पावलं टाकली असती तर त्यांच्या हातांच्या मधली जागा दिसली असती. मी दारातच थांबले. तिथून मला एवढंच दिसलं की हात पुढे झाले, कर्र झालं आणि ताटात दोन चकत्या पडल्या. सारख्या, पातळ. ताट जवळजवळ भरत आलेलं होतं.

सुरी असेल त्यांच्या हातात, मी म्हटलं. मी ओट्याचा खण हळूच उघडला. सगळ्या सुऱ्या आत होत्या.

"आलीस, बाय?" त्या मागे न बघता म्हणाल्या.

मी दारापाशीच खाली बसले. तयार केलेलं वाक्य कुठच्या कुठे गेलं होतं.

"आई, धार लावायला नव्हती दिली मी. कारखान्यात नेली आणि भट्टीत टाकली. तुम्हाला विचारलं नाही."

कर्र थांबलं.

"मला तेव्हाच विचारायला हवं होतं. आता विचारते. दिली ना तुम्ही? तुमची इली दिली ना आम्हाला?"

सासूबाई वळल्या. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांच्या डोळ्यांत मी असं लख्ख काही पाहिलं नव्हतं. त्या मला ओळखत होत्या. धनेशची बायको, कल्पिता, या घरात आल्यापासूनची सगळी. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, रागाने नाही, बाजारात माशाचे कल्ले उघडून बघावं तसं.

"आता इचारलास ना?"

"हो, आई."

"मंग नाय," त्या म्हणाल्या. "नाय देत. माजी इली मला आनून दे."

मी पुष्कळ बोलले. नवी आणते म्हटलं, याहून चांगली आणते म्हटलं, हात जोडले. त्यांचे डोळे पुन्हा विझत गेले. थोड्या वेळाने त्यांनी ताटाकडे बघून विचारलं, "या भेंड्या कोनी चिरल्या गो?" मी त्यांना उठवून पलंगावर निजवलं. पाट उचलून गॅलरीत नेताना पातं बसवायच्या खाचेत बोट घातलं. खाच रिकामी होती, आणि ओली होती. भेंडीची बुळबुळ बोटाला लागली.

रात्री ती भाजी धनेशने दोनदा वाढून घेतली. मला ती खाववली नाही.

७

पुढच्या सोमवारी साईनाथ कामावर आला. हाताला पट्टी होती म्हणून त्याला ग्राइंडरवर न ठेवता साच्याचे क्लॅम्प काढायला दिलं होतं. हलकं काम. तो सगळ्यांना टाके दाखवत फिरत होता.

लॅडल टाकीत उतरली. झाकण बसलं. साचा नळीवर आला. मी नेहमीच्या जागी उभी होते, पाठीला भिंत लावून. अण्णांनी व्हॉल्व्हवर हात ठेवला आणि फिरवला नाही.

"मॅडम." त्यांचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. "विचारलंत?"

"हो."

"काय म्हणाल्या?"

लॅडलमधलं पोलाद वाट बघत नाही. थोडा वेळ गेला की ते गोठायला लागतं, मग सगळा माल फुकट आणि लॅडलही खराब. क्रेनवाला वरून वाकून बघायला लागला होता. साईनाथ माझ्याकडे बघत होता, सगळेच बघत होते. नाही म्हणाल्या, असं मी सांगितलं असतं तर अण्णांनी हात काढून घेतला असता, याची मला खात्री होती. मग मॅनेजर आले असते. मग मी काय सांगणार होते त्यांना? सासूची विळी?

दोनच शब्द होते, नाही म्हणाल्या. ते माझ्या तोंडात तयारसुद्धा होते.

"हो म्हणाल्या," मी म्हटलं. खंडेनवमीला ज्या आवाजात म्हटलं होतं, अगदी त्याच आवाजात.

अण्णांचा चेहरा सैल झाला. त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला. हवा टाकीत शिरली, काटा वर चढला आणि पोलाद नळीतून वर गेलं. काहीच ऐकू आलं नाही, तसं ते कधीच ऐकू येत नाही. साचा भरला, तोंड बंद झालं. अण्णांनी हवा काढून घेतली. काटा खाली येत येत शून्यावर टेकला.

आम्ही थांबलो.

आवाज आला नाही. अण्णांनी काट्याला टिचकी मारली. काटा शून्यावरच होता. कोणीतरी खोकलं. खाली काहीही पडलं नाही. जे वर गेलं होतं ते वरच राहिलं होतं. अण्णा 'बसलं' म्हणाले नाहीत. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना कळलं हे मला कळलं.

मग साच्याच्या आतून मला ऐकू आलं. बारीक, निवांत.

कर्र.

पंखे चालू होते, क्रेन घरघरत होती. दुसऱ्या कोणी ते ऐकलं असेल असं वाटत नाही. साईनाथ पुढे झाला आणि त्याने पट्टीचा हात क्लॅम्पवर ठेवला. अण्णा काही बोलत नाहीत हे बघून तो माझ्याकडे वळला. शहाणा मुलगा आहे. गेल्या वेळी लागल्यापासून विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाही.

"उघडू ना, मॅडम?"

सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी हो म्हटलं.